रेजिना मॅडमची भीती

मला घाबरायला रेजिना मॅडमनी शिकवलं. त्याआधी मी घाबरत नव्हते असं नाही. घाटकोपरच्या चाळीत वाढलेली मुलगी पालीला, गणिताला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना घाबरतेच. पण ती सगळी फुकटची भीती. कामाची भीती वेगळी असते. ती कधी बाहेर काढायची, किती ताणायची आणि तिला शेजारी बसवून डबा कसा खायचा, हे मला अंधेरीच्या एमआयडीसीत, एका एसी ऑफिसात, पन्नाशी उलटलेल्या एका बाईने शिकवलं.

आमचं ऑफिस म्हणजे पूर्वीचा औषधांचा गाळा. खोकल्याचं औषध व्हायचं म्हणे तिथे. आता काचा, बीनबॅग आणि कॉफीचं मशीन. आमचा धंदा सांगायला सोपा आणि घरच्यांना पटवायला कठीण. परदेशातल्या कंपन्यांना एकमेकींना पैसे द्यायचे असतात. बँकेतून पाठवले तर तीन-चार दिवस जातात आणि काही देशांत तर बँकांकडे द्यायला डॉलरच नसतात. म्हणून मधल्या प्रवासापुरतं स्टेबलकॉइन. म्हणजे कॉम्प्युटरमधलं नाणं. एक नाणं म्हणजे एक डॉलर, त्याचा भाव वरखाली होऊ नये अशी सोय केलेली. इकडे बँकेत डॉलर भरायचे, त्यांची नाणी करायची, ती समोरच्याच्या पत्त्यावर पाठवायची, त्याने तिकडे ती मोडून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. हा पत्ता म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची लांबलचक ओळ, जिला अर्थ नाही आणि उच्चारही नाही. कंपनी परदेशात नोंदलेली, गिऱ्हाइकं परदेशातली आणि बटणं दाबणारे आम्ही अंधेरीत.

रेजिना फरेल मरोळ गावठाणातल्या. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिश्चन. आजूबाजूला हॉटेलं झाली, मेट्रो आली, तरी त्यांचं घर, घरापुढचा क्रूस आणि दारातलं आंब्याचं झाड जागच्या जागी होतं. ऑफिसला त्या चालत यायच्या, हातात छत्री आणि डब्यात बॉटल मसाल्याचं काहीतरी, ज्याच्या वासाने बीनबॅगवरची पोरं कामं टाकून उठायची. एका सहकारी बँकेत त्यांनी उभा जन्म काढला होता, बाहेरगावी पैसे पाठवायच्या खात्यात. ती बँक दुसरीत विलीन झाली आणि मॅडम घरी बसल्या. आमचा मालक कुणाल, वय तीस, त्याने त्यांना उचललं. एका परदेशी बँकेला आमच्याशी जोडून घ्यायचं होतं आणि तिची अट होती की पैसे सोडणाऱ्या टेबलावर कोणीतरी जुनं, बँकेत मुरलेलं माणूस हवं. कुणालला खरं तर त्यांचे पांढरे केस हवे होते. केसांबरोबर अख्खी बाई आली.

आली तेव्हा ती बाई अजिबात भित्री नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. मोठ्याने हसायची. मीटिंगमध्ये कोणी 'इकोसिस्टम' म्हणालं की माझ्याकडे बघून भुवई उडवायची. बँकेतले किस्से तर संपतच नसत. "एकदा मी एका माणसाचे पैसे दुसऱ्याच माणसाला पाठवले," त्या सांगायच्या. "तिकडच्या ब्रँचला फोन लावला. म्हटलं, अरे शिंदे, माझे पैसे तुझ्याकडे आलेत, धाड परत. संध्याकाळी परत. माणूस चुकतो, म्हणून तर फोन हाय."

त्यांचं सगळं बँकेतलं शहाणपण या एका वाक्यावर उभं होतं. आणि आमच्याकडे नेमका शिंदे नव्हता.

पैसे सोडायला आमच्याकडे दोन चाव्या लागतात. पेनड्राइव्हएवढ्या खऱ्या चाव्या. एक रक्कम आणि पत्ता भरणाऱ्याची, एक ते तपासणाऱ्याची. दोन्ही लागल्याशिवाय काही हलत नाही. भरायचं काम मिहीरकडे होतं, तपासायची चावी मॅडमकडे. ती त्यांनी गळ्यातल्या साखळीत, क्रूसाच्या शेजारी अडकवली होती.

एका सकाळी मिहीरने एका कापड व्यापाऱ्याचे पैसे भरले. नेहमीचं गिऱ्हाईक, नेहमीचा माल देणारा, म्हणून पत्ता त्याने मागच्या व्यवहारांच्या यादीतून उचलला. मॅडमनी तपासला. बँकेत खातं कसं तपासतात? सुरुवातीचे चार आकडे, शेवटचे चार आकडे, झालं. मधलं कोण वाचतं? पहिले चार बरोबर, शेवटचे चार बरोबर. "ओके," म्हणाल्या आणि चावी लावली.

मधले आकडे वेगळे होते, पत्ता दुसऱ्याचाच होता. चोर लोक मुद्दाम असे पत्ते बनवतात, डोकं आणि शेपूट हुबेहूब तुमच्या गिऱ्हाइकासारखं. मग तिथून तुम्हाला चिमूटभर नाणी पाठवतात, म्हणजे तुमच्या यादीत तो पत्ता येऊन बसतो आणि वाट बघतो. त्यांना पक्कं ठाऊक असतं की बँकेतून आलेला माणूस टोकं बघणार, मध्य बघणार नाही.

दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. मिहीर पांढराफटक पडला. मॅडम मात्र शांत होत्या, त्यांनी डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "बरं, आता फोन कोणाला करायचा?"

मिहीरने माझ्याकडे पाहिलं, मी मिहीरकडे.

"अरे, म्हणजे तिकडे कोण बसतं?"

"कोणीच नाही मॅडम," मिहीर म्हणाला. "तिकडे कोणी नसतं."

त्याने स्क्रीनवर दाखवलं. या नाण्यांचा सगळा हिशेब उघड्यावर असतो, जगात कोणालाही दिसतो. ते पैसे त्या परक्या पत्त्यावर पडले होते, आमच्या डोळ्यांसमोर. नाणी काढणाऱ्या कंपनीला आम्ही ती गोठवा म्हणून लिहिलं, पोलिसांत तक्रार केली. दोन्हीकडून येणारी उत्तरं यायची तेव्हा येणार होती. मॅडमनी पुढे वाकून त्या आकड्यावर बोट ठेवलं. "दिसतायत की," म्हणाल्या. "मग घे ना." मिहीर रडायला लागला. मॅडमनी बोट काढलं नाही. पुढचे दोन-तीन दिवस त्या येता-जाता ते पान उघडून बघायच्या. पैसे जागच्या जागी. आणि एका दुपारी जेवण करून आलो तर ते तिथे नव्हते, तुकडे तुकडे होऊन कुठे कुठे गेले होते. कोणीतरी होतं तर तिकडे. मॅडमनी ते पान बंद केलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. कुणालने नुकसान भरून दिलं, मिहीर नोकरी सोडून गेला, त्याच्या खुर्चीवर मी आले. मॅडमचं मोठ्याने हसणं मात्र कोणालाच भरून देता आलं नाही.

यानंतरच्या रेजिना मॅडम म्हणजे ज्यांच्यावर ऑफिसातली पोरं विनोद करायची त्या.

पैसे सोडताना त्या उभ्या राहायच्या. मलाही उभं करायच्या. रक्कम लहान असो, मोठी असो, दोघी खुर्च्या मागे सारून राष्ट्रगीताला उभं राहावं तशा उभ्या. "बसल्या माणसाला झोप लागते," म्हणायच्या. "उभ्या माणसाला भ्या वाटतं. वाटू दे." मग मी पत्ता मोठ्याने वाचायचा, पूर्ण, तोही शेवटून सुरुवातीकडे, कारण उलटं वाचताना जीभ सवयीने घसरत नाही. कितीही घाई असो, मध्येच कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा चहावाला "मॅडम, कटिंग?" म्हणाला म्हणून मी तीच ओळ तीनदा वाचली आहे. त्यानंतर तो दाराबाहेर उभा राहून खुणा करायचा.

नवा पत्ता आला की आधी 'चव'. हा शब्द त्यांचाच. वेडीवाकडी छोटी रक्कम पाठवायची आणि समोरच्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, किती आले सांग. त्याने बरोबर सांगितलं, आवाज ओळखीचा निघाला, तरच बाकीचे. "कालवण पानात वाढायच्या आधी चाखतेस ना? मग?" ही चव पुढे आमच्या लेखी नियमांत गेली. इंग्रजी नियमावलीत तो मराठी शब्द आहे आणि परदेशी बँकेचे साहेब तो 'चाव' असा उच्चारतात.

मी एकदा बटण दाबण्याआधी हात जोडले. मॅडम फिस्कारल्या, "त्याला नको यात ओढू. हे त्याच्याच्यानेबी परत फिरायचं नाय." ज्या बाई चर्चमधला रविवारचा मिस्सा कधी चुकवत नसत, त्यांच्या तोंडून हे ऐकून मला चोरांपेक्षा जास्त भीती वाटली.

त्या परदेशी बँकेशी जोडणी करायची वेळ आली तेव्हाचं त्यांचं भांडण तर मी जन्मात विसरणार नाही. ठरलं होतं असं, की बँकेच्या गिऱ्हाइकाने आपल्या नेहमीच्या स्क्रीनवरून पैसे पाठवायचे. ते मधल्या मधे नाणी होऊन जातात याचा त्याला पत्ताही लागता कामा नये. बँकेच्या लोकांनी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. सुरेख, निळी. पैसे गेल्याचा संदेश आणि त्याखाली एक बटण: 'रद्द करा'.

मॅडमनी हात वर केला. "हे बटण दाबल्यावर काय होतं?"

तिकडच्या बाईंनी सांगितलं की विनंती नोंदवली जाते आणि शक्य असल्यास कार्यवाही होते.

"शक्य असतं का?"

तिकडच्या बाईंनी शेजारी कोणाकडे तरी पाहिलं. मग त्या बाई म्हणाल्या की तसं नाही, पण अभ्यासात दिसलंय, हे बटण असलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यात आता त्यांचा फक्त पदर आणि ती चावी दिसत होती. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण चिडल्या की मरोळ बाहेर यायचं. "कुणाल, त्यांना सांग. त्याला बरं वाटून मना काय करायचंय? त्याला भ्या वाटलं पायजे. माणूस खिडकीच्या कट्ट्यावर उभा हाय आणि तुम्ही त्याला खाली गादी हाय म्हणून सांगता. गादी हाय का? नाय. मग ते बटण काढा."

कुणालने त्याचं शंभर टक्के साजूक इंग्रजी केलं, तरी तिकडची माणसं दचकली. बरीच खेचाखेच झाली. शेवटी मॅडमनीच तोड काढली: पैसे आमच्याकडे आल्यावर अर्धा तास निघायचेच नाहीत, आमच्याच खोलीत थांबायचे, तेवढा अर्धा तास ते बटण खरं. नंतर त्याने गायब व्हायचं. दोन मिनिटांत पैसे पोचवायच्या कंपनीला एका बाईने बत्तीस मिनिटांवर आणून ठेवलं म्हणून कुणाल आठवडाभर धुसफुसत होता. बँकेने मात्र सही केली, ती त्या अर्ध्या तासामुळेच. नंतर कुणाल जिकडे तिकडे तो अर्धा तास स्वतःच्या नावावर खपवायचा. 

असं करत करत त्यांची भीती आमच्या ऑफिसची इज्जत झाली. पोरं हसायची, पण पैसे सोडताना आपसूक उभी राहायची. आणि मग ती बोट आली.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात एक मालवाहू बोट अडकून पडली होती. मालकाने बंदराची देणी थकवलेली, म्हणून बंदराने तिला बाहेर नांगरून ठेवलेलं. आत वीसेक माणसं, बरीचशी आपल्याकडची. त्यांना किनाऱ्यावर उतरायला मनाई. पाणी, डिझेल, औषधं, सगळं तिथल्या एका एजंटमार्फत यायचं आणि एजंट रोख मिळाल्याशिवाय लाँच सोडत नव्हता. त्या देशात बँकेतून डॉलर मिळायची सोय नाही, म्हणून तो नाणी घ्यायचा. मालकाने कुठून तरी बंदराच्या देण्यांसकट शेवटचे पैसे उभे केले, आमच्याकडे भरले आणि स्वच्छ कळवलं: हे गेले तर माझ्याकडे दुसरे नाहीत.

त्याच सकाळी एजंटचा मेल आला. माझा फोन चोरीला गेला. जुना पत्ता आता वापरू नका, हा नवा पत्ता. जुना नंबर बंद, हा नवा नंबर. कृपया त्वरा करा, बोटीवर एक माणूस आजारी आहे.

ज्याने आमच्या धंद्यात एक महिना काढलाय, त्याला हा मेल पाठ असतो. चोर असाच लिहितात, शब्दाला शब्द. फोन चोरीला, पत्ता नवा, नंबर नवा, घाई.

मॅडमनी त्याची छापील प्रत वाचली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आजारी माणूस खरा हाय का ते विचार," मला म्हणाल्या. तो खरा होता. बोटीच्या कप्तानाने सॅटेलाइट फोनवर सांगितलं: सुहास नावाचा ऑइलर, इंजिनरूममध्ये काम करणारा, नाहूरचा. मधुमेह. पायाला जखम झालेली, ती चिघळलेली, इन्सुलिन संपलेलं. कप्तान म्हणाला, लाँच पाठवा, बाकी काही नको.

"एजंटला तुम्ही डोळ्यांनी बघितलाय का आज?"

"तो पैसे मिळाल्याशिवाय इकडे फिरकत नाही, मॅडम."

जुना नंबर लागत नव्हता. नव्या नंबरवर एक माणूस बोलला, मी एजंटच, म्हणाला. पण त्याचा आवाज आमच्यापैकी कोणी कधी ऐकलाच नव्हता. त्याच्याशी झालेले आधीचे व्यवहार मिहीरच्या वेळचे, चव सुरू व्हायच्या आधीचे. दुसरा एजंट बंदर चालू देईना. मालकाच्या तिथल्या ओळखी त्याच्या देण्यांबरोबर संपलेल्या.

दुपारी सुहासची बायको आली. मनीषा. नाहूरहून रिक्षाने, पायात घरातल्या चपला. बोटीच्या मालकाच्या ऑफिसातून कोणीतरी तिला सांगितलं होतं की पैसे अंधेरीत अडकलेत. ती रिसेप्शनच्या बीनबॅगवर बसली. त्यातून धड उठताही येत नाही, त्यामुळे बोलताना ती सारखी मागे कलंडत होती. मॅडमनी तिला हात धरून उठवलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि डबा पुढे केला. तिने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, पाठवा ना," ती म्हणाली. "तुमच्याकडेच आहेत ना पैसे?"

"माझ्याकडेच हायत."

"मग?"

मॅडमनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गोड केलं नाही. हा माणूस खोटा असेल तर पैसे गेले, मग लाँचही नाही, औषधही नाही, आणि दुसरे पैसे कोणाकडेच नाहीत. मग बोटीवरची सगळीच माणसं गेली.

"आणि खरा असेल तर?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मनीषा त्यांच्या गळ्यातल्या चावीकडे बघत होती. "ही लावली की जातात?" तिने विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. त्यांचा हात छातीशी गेला आणि त्यांनी ती चावी मुठीत धरली. ती बाई हिसकावून घेईल अशी भीती त्यांना वाटली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटत होती.

कुणाल बाहेर आला. "मॅडम, इट्स अ कॉल वी हॅव टु टेक," वगैरे म्हणाला. "पाठवून टाका. रिस्क माझी."

मॅडमनी साखळी डोक्यावरून काढली आणि चावी टेबलावर, त्याच्यासमोर ठेवली. "रिस्क तुझी ना? मग तूच लाव. मी कोणाला सांगणार नाय."

ती चावी टेबलावर बराच वेळ पडून होती. कुणाल तिच्याकडे बघत होता, मी बघत होते, मनीषा आमच्या तिघांकडे बघत होती. हात कोणीच लावला नाही. कुणालला फोन आला, किंवा आल्यासारखं त्याने केलं, आणि तो आत गेला. मॅडमनी साखळी पुन्हा गळ्यात घातली. त्यांच्या मानेवर घाम होता, एसीमध्ये.

मग त्यांना पादरी सुचला. बँकेत हे शिकवत नाहीत. हे मरोळला जन्मलेल्या माणसालाच सुचणार. ईस्ट इंडियन घरांतून कोणी ना कोणी बोटीवर असतंच आणि बंदराबंदरांत खलाशांची विचारपूस करणारे पादरी असतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्या उठल्या आणि सरळ आपल्या चर्चमध्ये गेल्या. तिथल्या फादरने गोव्याला फोन लावला, गोव्याने आणखी कुठे. अशी साखळी त्या बंदरापर्यंत पोचायला वेळ लागला. तिकडचा पादरी दुसऱ्या गावी गेला होता. तो परत येईपर्यंत रात्र गेली, मग अख्खा दिवस, मग आणखी एक रात्र. त्या काळात मॅडम खुर्चीवर बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. कप्तानाचे फोन येत होते. पहिल्या फोनवर तो विनंती करत होता, नंतर शिव्या देत होता, शेवटच्या फोनवर फक्त "अजून?" म्हणाला. मनीषा रोज यायची आणि मॅडमच्या रिकाम्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसायची. 

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. घामेजलेला एक म्हातारा पादरी, मागे एजंटच्या ऑफिसची पाटी, शेजारी स्वतः एजंट, हातात आपला परवाना धरून. पादऱ्याने पत्ता वाचला, शेवटून सुरुवातीकडे. आम्ही दोघी उभ्या होतो. चव पाठवली, त्याने रक्कम बरोबर सांगितली. मॅडमनी चावी लावली.

एजंट खरा होता. पहिल्यापासून खरा होता. त्या गरीब माणसाचा फोन खरंच चोरीला गेला होता.

लाँच दुपारी गेली. सगळी माणसं सुटली. सुहासला बंदरातल्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. दोन दिवस आधी आणला असता तर कदाचित वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं कप्तानाने कळवलं. 'कदाचित' हा शब्द त्याने मेलमध्ये लिहिला होता. कुणालने सगळ्यांना जमवून सांगितलं की नियमाप्रमाणे झालं, कोणाचीही चूक नाही. ते खरंच होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात दिली आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. मी ती पर्समध्येच घेऊन फिरायला लागले. गळ्यात घालायचा धीर होईना.

महिनाभराने त्यांचा फोन आला. "बाय, उद्या मोकळी हायस? सहारला यायचंय. तो येतोय. मना एकटीला भ्या वाटतंय."

विमानतळाच्या बाहेर, कठड्यापाशी, आम्ही उभ्या होतो. आजूबाजूला हार, फुगे, नावांच्या पाट्या. मॅडम वाळल्या होत्या. दर वेळी काचेचं दार उघडलं की माझा दंड घट्ट पकडायच्या. मनीषा थोडी पुढे उभी होती. तिने आम्हाला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

तो व्हीलचेअरवर आला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, मांडीवर बॅग. मला वाटलं मॅडम आता मागे फिरतील. त्या पुढे गेल्या, थेट त्याच्यासमोर.

"मी रेजिना. तुझे पैसे मी अडवले होते."

"माहितीय," तो म्हणाला. "हिने सांगितलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. प्रवासाचा थकवा तेवढा होता. त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू त्याच्या डोक्यात कोणीतरी दुसरीच बाई होती. "खरा होता ना तो?"

"खरा होता."

"मग आता सांगा. उद्या दुसरी बोट अडकली. असाच मेल आला. आतमध्ये असाच कोणीतरी पडलाय. काय कराल?"

मनीषा वळून मॅडमकडे बघायला लागली. मीही. काय म्हणायचं ते तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. लगेच पाठवीन, एवढं म्हटलं की संपलं असतं. त्या माणसाला थोडं बरं वाटलं असतं, आम्हालाही. नाहीतर एवढंच सांगायचं, की मी नोकरी सोडली, आता मला विचारू नकोस. मॅडमनी तेही सांगितलं नाही. 

"नाय पाठवणार, बाबा," त्या म्हणाल्या. "परत अशीच थांबेन."

मनीषाच्या तोंडून कसला तरी आवाज आला. व्हीलचेअर ढकलणारा माणूस दुसरीकडे बघायला लागला.  सुहासने मांडीवरची बॅग नीट केली.

"मग ते पादरी आत्ताच शोधून ठेवा," तो म्हणाला. "एकूण एक बंदरातले. माणूस पडल्यावर शोधायला निघू नका."

मनीषाने टॅक्सीचं दार उघडलं. त्याला आत घ्यायला मी हात लावला, मॅडमनाही लावायचा होता, पण मनीषाने त्यांना लावू दिला नाही. टॅक्सी गेली. मॅडम तिथेच, वाटेच्या मधोमध उभ्या, मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, पोलीस शिट्टी फुंकतोय. मी त्यांना बाजूला ओढलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, तिथे चावी नव्हती. त्यांनी माझी पर्स उघडली, आत हात घालून ती शोधून काढली आणि स्वतःच्या गळ्यातल्या साखळीतून क्रूस उतरवून त्या साखळीत चावी ओवली. साखळीची कडी काही केल्या लागेना. मी मदत करायला गेले तर "थांब," म्हणाल्या. शेवटी लागली. ती माझ्या डोक्यावरून खाली घालताना त्यांनी मला विचारलं, "ऐकलंस ना गो, तो काय बोलला ते?"